ऐंशी टक्क्यांचे ‘परवडणारे’ घर
दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, आम्हाला भाड्याने घर देणाऱ्या गृहनिर्माण संस्थेचे भाडेवाढीचे पत्र येते आणि दरवर्षी त्याचे पहिलेच वाक्य वाचून माझे डोके फिरते. ‘सर्वांना परवडणारे घर देण्यास आम्ही कटिबद्ध आहोत’ ही सुरुवात, आणि लगेच खाली ठळक अक्षरांत नव्या भाड्याचा आकडा. माझा पगार किती वाढला, किंबहुना वाढला की नाही, हे आजवर एकाही पत्राने विचारलेले नाही.

ही संस्था नफा कमावण्यासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. तिचे भागधारक नाहीत, लाभांश वाटला जात नाही, शिल्लक उरेल ती घरांच्या बांधकामात आणि दुरुस्तीत घालायची, असा नियम आहे. मग ‘परवडणारे’ हे मोजायचे कशाने? इंग्लंडमध्ये २०११ पासून ‘परवडणारे भाडे’ या नावाखाली बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडे आकारण्याची मुभा आहे. म्हणजे बाजार पेटला की ‘परवडणारे’ही त्याच्या मागोमाग पेटणार, आणि भाडेकरूचा खिसा या हिशेबात कुठेच नाही! ज्या बाजारात आपला निभाव लागत नाही म्हणून माणूस अशा संस्थेचे दार ठोठावतो, तोच बाजार तिथे मोजपट्टी घेऊन उभा असतो.

दुसरा मार्गच नाही, असे कुणी सांगू नये. ऑस्ट्रियात अशा संस्थांसाठी स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यानुसार भाडे ठरते ते घर बांधायला आणि चालवायला आलेल्या खर्चावरून. शेजारच्या खासगी घराला काय भाव मिळतो, याच्याशी त्याचा संबंध नाही. बांधकामाचे कर्ज फिटले की भाड्यातला तो हिस्साही बराच उतरतो. भाडे उतरते, हे वाक्य मी दोनदा वाचले होते.

सगळा दोष संस्थांच्या माथी मारणेही खरे नाही, हे रागातही मान्य करतो. सरकारे अनुदानाला कात्री लावतात, संस्था बँकांकडे आणि रोखे बाजाराकडे वळतात, आणि व्याजाचा बोजा शेवटी भाडेकरूच्याच डोक्यावर येतो. नेदरलँड्समध्ये तर १९०१ च्या गृहनिर्माण कायद्याने ज्या संस्थांना बळ दिले, त्यांच्यावरच २०१३ मध्ये घरमालक म्हणून कर बसवला गेला आणि तो २०२३ उजाडेपर्यंत हटला नाही. जर्मनीत एका मोठ्या कामगार संघटनाप्रणीत गृहसंस्थेच्या संचालकांनी आपली तुंबडी भरल्याचे १९८२ मध्ये उघडकीस आले. पुढे १९९० पासून या क्षेत्राची करसवलतच काढून घेण्यात आली. खाल्ले मूठभरांनी, उपाशी राहिले सगळे.

पण माझ्या झोपण्याच्या खोलीतल्या ओलीला रोखे बाजाराची सबब कशी चालेल? पहिल्यांदा कळवले तेव्हा डाग तळहाताएवढा होता. आता तो कपाटामागे शिरला आहे, त्यावर काळी बुरशी धरली आहे, आणि कपाट ओढले की मागच्या फळीची साल हाताला लागते. तीनदा तक्रार क्रमांक मिळाला आणि तीनही वेळा ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला. एकदाच एक गृहस्थ आले, त्यांनी मोबाइलवर दोन फोटो काढले, ‘खिडक्या उघड्या ठेवत जा’ असा सल्ला दिला आणि निघून गेले. खिडकी त्या भिंतीला नाहीच.

आणि तरीही मी हे घर सोडणार नाही, कारण प्रतीक्षा यादीत काढलेली वर्षे मी विसरलेलो नाही, आणि हे संस्थेलाही पक्के माहीत आहे. माझा खरा संताप या गोष्टीचा आहे. ज्याला जायला दुसरी जागा नाही, त्याच्या पत्राला उत्तर देण्याची घाई कुणाला असणार?

या वेळच्या पत्रासोबत भाडेकरूंच्या समाधानाची प्रश्नावलीही आली आहे. कर्मचाऱ्यांच्या सौजन्याला एक ते पाच गुण द्यायचे आहेत. भिंतीसाठी रकाना नाही.