म्हणे क्रिमिनल जस्टिसची डिग्री बिनकामाची आहे

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की क्रिमिनल जस्टिस, म्हणजे गुन्हे आणि न्यायव्यवस्थेचा अभ्यास, शिकणं म्हणजे वर्षं वाया घालवणं, कारण पोलिसात जायला डिग्री लागतच नाही, लागेल ते ट्रेनिंगमध्ये शिकवतात, थिअरी रस्त्यावर कामाला येत नाही आणि दुसरी नोकरी कोणी देत नाही. वाचायला एकदम पटतं. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊ.

पहिला, डिग्री लागत नाही. अर्धं खरं आहे, खालच्या पदांना बऱ्याच ठिकाणी शालेय शिक्षण पुरतं. पण सगळीकडे नाही ना. अमेरिकेत एफबीआयचा, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास संस्थेचा, स्पेशल एजंट व्हायचं तर बॅचलर डिग्री लागतेच, मात्र ती कुठल्याही विषयातली चालते, म्हणजे क्रिमिनल जस्टिसच हवी असंही नाही हेही सांगून टाकतो. खरी गोची वेगळीच आहे, हा मेसेज लिहिणाऱ्याने क्रिमिनल जस्टिस म्हणजे फक्त पोलीस असं धरलंय. कोर्ट गेलं कुठे? तुरुंग, प्रोबेशन (म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली ठेवणं), पीडितांना मदत, बालगुन्हेगारांचं काम, हे सगळं याच अभ्यासात येतं की.

दुसरा, ट्रेनिंगमध्ये सगळं शिकवतात. ऑगस्ट व्होल्मर नावाचा माणूस होता, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा, पुढे तिथला पोलिस प्रमुख झाला. स्वतः कॉलेजची पायरी चढला नव्हता. त्याने 1908 मध्ये पोलिसांसाठी ट्रेनिंग स्कूल काढलं, आणि तेवढ्यावर भागेना म्हणून 1916 मध्ये तिथल्या विद्यापीठात पोलिसांच्या अभ्यासाचे वर्ग सुरू करवले. म्हणजे ज्याने ट्रेनिंग उभं केलं त्यालाच ते पुरेसं वाटलं नाही! पोलिस अकॅडमीत अटक कशी करायची, रिपोर्ट कसा लिहायचा, हत्यार कसं हाताळायचं ते शिकवतात, आणि ते शिकवायलाच पाहिजे, पण ही पद्धत मुळात चालते का असं तिथे सहसा कोणी विचारत नाही.

आता तिसरा मुद्दा, थिअरीचा रस्त्यावर उपयोग नाही, यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे मेसेज सपशेल आपटतो. 1972-73 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एक प्रयोग झाला. पोलिसांचे 15 बीट, म्हणजे गस्तीचे भाग, घेतले, 5 बीटमध्ये नेहमीची गस्त बंद, कॉल आला तरच गाडी जाणार, 5 मध्ये होती तशीच आणि उरलेल्या 5 मध्ये दुप्पट-तिप्पट. वर्षभराने बघितलं तर गुन्ह्यांमध्ये म्हणावा असा फरक नाही, लोकांच्या भीतीतही नाही, आणि कहर म्हणजे गस्त कमी झाली का वाढली हेसुद्धा लोकांना फारसं जाणवलं नव्हतं. गाड्या फिरवल्या की गुन्हे कमी होतात हे सगळ्यांना ‘अनुभवाने’ माहीत होतं, राव. तसंच वाह्यात पोरांना तुरुंग दाखवून घाबरवायचे कार्यक्रम, ऐकायला किती छान, पण नीट तुलना केली तेव्हा तिथे नेलेली पोरं न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करताना दिसली. आणि ओळख परेडचं, म्हणजे साक्षीदारासमोर माणसं उभी करून गुन्हेगार ओळखायला लावतात त्याचं, तर विचारूच नका. अमेरिकेत डीएनएमुळे जे निर्दोष सुटले त्यांच्यातल्या बहुतेकांच्या केसमध्ये साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता, म्हणून तर आता म्हणतात की परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे माहीतच नसावं, नाहीतर नकळत इशारा जातो. हे सगळं थिअरीवाल्यांनीच शोधलंय, आणि याच्यावर लोकांचं आयुष्य अवलंबून असतं.

राहिला नोकरीचा मुद्दा. प्रोबेशन ऑफिसर, तुरुंगातला समुपदेशक, कोर्टातला केस मॅनेजर, क्राइम अ‍ॅनालिस्ट (गुन्ह्यांच्या आकडेवारीचा अभ्यास करणारा), पीडित सहाय्य, बँकांमध्ये फ्रॉड आणि मनी लाँडरिंग पकडणाऱ्या टीम, कस्टम्स, यादी बरीच आहे, देशाप्रमाणे नावं आणि अटी बदलतात एवढंच. हां, टीव्ही बघून लॅबमध्ये जायचं ठरवलं असेल तर मात्र थांबा, फॉरेन्सिक लॅबला केमिस्ट्री-बायोलॉजी लागते, तिथे ही डिग्री एकटी पुरणार नाही, आणि वकील व्हायचं तर कायद्याची वेगळी डिग्री लागणारच. मी तर म्हणेन की जोडीला स्टॅटिस्टिक्स घ्याच, पोरं त्यालाच टाळतात आणि अ‍ॅनालिस्टच्या जागेला नेमकं तेच विचारतात. इंटर्नशिपही कोर्टात किंवा प्रोबेशनमध्ये करून बघा, हे काम आपल्याला झेपतंय का ते पहिल्या वर्षीच कळलेलं बरं.

आणि या क्षेत्रात जे खरंच आडवं येतं ते मेसेजमध्ये नाहीच. बॅकग्राउंड चेक. बऱ्याच पदांसाठी जुने गुन्हे, ड्रग्ज, गाडी चालवण्याचं रेकॉर्ड, कर्ज, कधीकधी सोशल मीडियावरच्या पोस्टसुद्धा तपासतात, आणि तिथे अडकलात तर डिग्री असो नसो, फाइल बाजूला जाते. जुनी भानगड लपवली आणि नंतर सापडली तर बहुतेक वेळा ते जास्त महागात पडतं, तेव्हा फॉर्म भरताना खरं तेच लिहा.