पिमांचं उदाहरण नेमकं उलटं सांगतं

‘अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या पिमा आदिवासींची मज्जासंस्थाच जास्त इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून त्यांना मधुमेह होतो. दोष वंशाचा. आपलंही तसंच, पथ्य-व्यायाम सगळं फुकट.’ असा मेसेज फिरतोय. तो वाचून माझ्या मावशीने संध्याकाळचं चालणं सोडलं, म्हणून लिहायला बसले.

आधी मज्जासंस्थेचं बघू. तव्यावरच्या भाकरीचा वास आला की साखर वाढायच्या आतच मेंदू व्हेगस नर्व्हमधून, म्हणजे मेंदूतून पोटाकडे जाणाऱ्या मज्जातंतूतून, स्वादुपिंडाला निरोप धाडतो आणि थोडं इन्सुलिन सुटतं. हे खरं आहे. जेवणानंतर पिमांमध्ये गोऱ्यांपेक्षा जास्त इन्सुलिन आढळलं, हेही खरं. संशय व्हेगसवर होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अ‍ॅट्रोपिन हे औषध देऊन तो निरोपच अडवला. व्हेगसच्या हुकमाने वाढणारं एक संप्रेरक खाली आलं, म्हणजे निरोप खरोखरच अडला होता. जादा इन्सुलिन मात्र तसंच राहिलं. मेसेजचा सगळा डोलारा ज्या दुव्यावर उभा आहे, तोच तपासणीत टिकला नाही.

मग ‘दोष वंशाचा’ म्हणावं, तर पिमा मेक्सिकोतही राहतात, सोनोरातल्या डोंगराळ मायकोबा भागात. २००६ साली दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडले गेले: अ‍ॅरिझोनात ३८ टक्के मधुमेही, मायकोबात ६.९. मूळ एकच, पण मायकोबातली माणसं शेतात अंगमेहनत करत होती. जनुकांचा वाटा नाही असं मी म्हणत नाही. पण त्याच जनुकांवर एवढी तफावत पडते, तर सगळं खापर वंशावर कसं फोडायचं?

अ‍ॅरिझोनातले पिमा स्वतःला ‘अकिमेल ओ’ओधम’, म्हणजे नदीची माणसं म्हणवतात. हिला नदीच्या पाटांवर ते मका, घेवडा, भोपळा पिकवत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला आलेल्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवलं, शेतं करपली, उपासमार झाली. पुढे सरकारी शिध्यातून मैदा, चरबी, साखर आली. नदी पळवली ती माणसांनी, आणि दोष मात्र पिमांच्या रक्ताला! मला याचा संताप येतो.

राहिलं ‘पथ्य-व्यायाम फुकट’. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. त्यात मूळ अमेरिकी, कृष्णवर्णीय, आशियाई, गोरे सगळे होते. ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्या उद्दिष्टावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि फायदा सगळ्याच गटांना झाला. १५० मिनिटं म्हणजे रोजची वीस-बावीस. मावशी अर्धा तास चालत होती.