"मला एकही गोळी नाही" म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांसाठी

सत्तरीच्या आसपासची चार माणसं जमली की कुणीतरी ताठ मानेनं सांगतंच, "मला एकही गोळी नाही." मग ज्यांना पाच-सहा गोळ्या चालू असतात ते ओशाळतात. त्यांच्यातलाच एखादा घरी जाऊन, कुणाला न सांगता, बीपीची गोळी बंद करून टाकतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

औषधांवाचून म्हातारपण धडधाकट जावं ही माझीही इच्छा आहे आणि त्यासाठी मी रोज घाम गाळते. डॉक्टर म्हणतील ते मुकाट्यानं ऐका, असं मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच की शंका आली तर ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. स्वयंपाकघरात एकट्यानं गोळीचा निकाल लावू नका.

शंका घ्यायला कारणं भरपूर आहेत. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांच्या हृदयाचे अनियमित ठोके दाबण्यासाठी एकेकाळी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड सर्रास देत. ईसीजी सुधारलेला दिसे, त्यामुळे डॉक्टर खूश, पेशंटही खूश. १९८९ मध्ये मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हा कळलं की ही औषधं घेणारे, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येनं मरत होते. पाळी गेलेल्या बायकांना हृदय जपायला म्हणून वर्षानुवर्षं हार्मोन दिली गेली. २००२ मध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोनच्या जोडीची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण स्तनाचा कर्करोग, हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढलेले दिसले. व्हायॉक्स हे सांधेदुखीचं औषध १९९९ मध्ये आलं, गाजलं आणि हृदयाला धोका असल्याचं दिसल्यावर २००४ मध्ये कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. तेव्हा "डॉक्टरांना सगळं कळतं" असं कुणी म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे ही यादी येते.

पण हे उघडकीस कशानं आलं? त्याच वैद्यकशास्त्राच्या चाचण्यांनी. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी, आणि मग काय होतं ते प्रामाणिकपणे मोजायचं. जे चमत्कारी काढे आणि पावडरी आपल्याला मोबाइलवर येतात, त्यांची अशी मोजदाद कुणी केलेली नसते. म्हणून त्यांच्याविरुद्ध पुरावा दिसत नाही, आणि पुरावा दिसत नाही म्हणून आपण त्यांना निरुपद्रवी समजतो. हा अन्याय मला फार खटकतो. संधिवातावरच्या "शंभर टक्के नैसर्गिक" पावडरींत चोरून मिसळलेलं स्टेरॉइड तपासणीत वारंवार सापडलेलं आहे. आणि नैसर्गिक म्हणाल तर हृदयासाठीचं डिजिटॅलिस फॉक्सग्लव्ह नावाच्या फुलझाडातून आलं. विल्यम विदरिंग यांनी त्यावर १७८५ मध्ये लिहिलं. त्याचा डोस थोडा चुकला तरी माणूस दगावू शकतो. झाडापासून आलं म्हणून सौम्य, हे समीकरण तिथेच मोडतं.

आता म्हातारपणाच्या गोळ्यांचा खरा घोळ. माझ्या मोठ्या दिरांचं उदाहरण सांगते. बीपीसाठी त्यांना ॲम्लोडिपिन सुरू झालं. काही महिन्यांनी पाय सुजले. घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. ही सूज त्या गोळीमुळे येऊ शकते, पण दुसऱ्या डॉक्टरांनी ती नवी तक्रार धरली आणि लघवी होण्याची गोळी दिली. मग रात्री उठणं वाढलं, उभं राहिलं की अंधारी यायला लागली. तिसऱ्यांनी चक्करेसाठी सिनारिझिन दिलं. ते बरेच महिने चाललं आणि हात थरथरायला लागले, चाल घसटती झाली. घरात पार्किन्सनची चर्चा सुरू झाली. शेवटी एका फिजिशियन बाईंनी सगळी पाकिटं टेबलावर ओतायला लावली, प्रत्येक गोळी कधी सुरू झाली ते कागदावर ओळीनं लिहिलं आणि त्या कागदावर आम्हा सगळ्यांनाच साखळी दिसली. बीपीचं औषध बदललं, बाकी दोन टप्प्याटप्प्यानं बंद झाली. थरथर जायला वेळ लागला, पण गेली.

यात कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येकानं समोर दिसलेल्या तक्रारीवर औषध दिलं, एवढंच. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात याचं वर्णन केलं आणि तेव्हापासून वैद्यकात याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. म्हणजे एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून दुसरी गोळी, तिच्यावर तिसरी. वय वाढलं की मूत्रपिंडं औषध हळू बाहेर टाकतात, अंगात चरबीचं प्रमाण वाढतं, त्यामुळे डायझेपामसारखी झोपेची गोळी तरुणापेक्षा कितीतरी जास्त काळ शरीरात रेंगाळते. पन्नाशीत चालून गेलेला डोस पंचाहत्तरीत जड होतो. डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादीच केली होती. ती आजही वापरात आहे, २०२३ मध्येही सुधारली गेली. म्हणजे गोळ्या कमी करा हे म्हणणं वैद्यकाच्या विरोधात नाहीच. वैद्यकच ते म्हणतं. फक्त गर्दीच्या ओपीडीत ते म्हणायला कुणाला वेळ मिळत नाही, आणि आपण विचारत नाही.

ॲस्पिरिनचंच बघा. हृदयाचा काही त्रास नसतानाही "रक्त पातळ राहू दे" म्हणून रोज घेणारे माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. २०१८ मध्ये सुमारे १९ हजार निरोगी वृद्धांवरच्या चाचणीचा निकाल आला. त्यांच्यापैकी बहुतेक सत्तरीच्या पुढचे होते. निरोगी आयुष्य लांबलं नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. पण हे वाचून, ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय त्यांनी आपली ॲस्पिरिन बंद करायची नाही! त्यांचा हिशेब पूर्ण वेगळा आहे. अर्धी बातमी वाचून गोळी फेकणाऱ्यांची मला धास्ती वाटते ती यासाठीच.

बीपीच्या गोळीचंही तसंच. "या वयात थोडं वाढणारच" असं म्हणतात. ८० वर्षांच्या पुढच्या, बीपी बरंच वाढलेल्या ३,८४५ लोकांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. औषध घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाले, हार्ट फेल्युअर तर निम्म्याहूनही कमी झालं. वाढलेलं बीपी दुखत नाही, म्हणून गोळी बंद केल्यावर चार महिने काहीच होत नाही आणि माणूस सांगत सुटतो, "बघा, मी बंद केली, ठणठणीत आहे." स्ट्रोक आल्यावर हे सांगायला जीभ वळत नाही. कठोर वाटेल, पण मला हे असंच लिहायचं आहे.

आणि आता माझ्या आवडीचा विषय. औषधाशिवाय खरोखर किती मिळवता येतं? पुष्कळ. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्याइतका व्यायाम आणि वजनात सात टक्के घट एवढंच उद्दिष्ट होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्यांत तर व्यायाम-आहारानं ७१ टक्क्यांनी. म्हणजे ज्या गटाला "आता काय उपयोग" म्हणतात, त्यालाच सगळ्यात जास्त फायदा. १९९० मध्ये तर नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली आणि त्यांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. माणसं फक्त दहा होती, हे खरं, पण पुढे मोठ्या गटातही तसंच दिसलं.

म्हणून नुसतं चालणं पुरे नाही, असं मी सगळ्यांच्या मागे लागून सांगते. मांड्यांत ताकद हवी. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, हात छातीवर घडी करा, उठा, पूर्ण सरळ उभे राहा आणि सावकाश बसा. धपकन बसायचं नाही, खाली जाताना तीन आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी हात टेकावा लागला तर टेका. म्हातारपणी माणूस खाटेला खिळतो तो बऱ्याचदा एका पडण्यानं, आणि पडणं टाळायला ताकद आणि तोल याला तोड नाही. त्याची गोळी निघालेली नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेही जमेल तितकं पाळा.

पण ज्यांची थायरॉइड ग्रंथीच काम करत नाही, ज्यांना काचबिंदू आहे, ज्यांचं हृदय अनियमित धडधडतं, त्यांनी कितीही खुर्चीवर उठबस केली तरी गोळी किंवा थेंब लागणारच. त्यात त्यांचं काही कमी पडलेलं नाही. त्यांना शिस्तीचे धडे देऊ नका.

तर पुढच्या भेटीला सगळी पाकिटं घेऊन जा, डोळ्यांचे थेंब, मलमं, पावडरी आणि दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्यांसकट. प्रत्येकीबद्दल विचारा: ही कशासाठी, अजून लागते का, डोस कमी होईल का, न घेतल्यास माझ्यासारख्या शंभर जणांत किती जणांचं नुकसान होईल? हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण "धोका निम्मा होतो" हे शंभरात चाळीसचे वीस झाले तरी म्हणतात आणि दोनाचा एक झाला तरी म्हणतात. बंद करायची ठरली तर एका वेळी एकच. स्टेरॉइड, झोपेच्या, फिटच्या आणि मेटोप्रोलॉलसारख्या, बीपी-हृदयासाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या एकदम तर कधीच नाही, त्या हळूहळू उतरवाव्या लागतात. डॉक्टर घाईत असतील तर फक्त यासाठी वेगळी वेळ मागा. प्रश्न विचारल्याबद्दल चिडणारे असतील तर डॉक्टर बदला, पण ते होईपर्यंत गोळ्या चालू ठेवा.