‘फोर्स मेज्युअर’ म्हणजे हवी तेव्हा पुढे करायची सबब नव्हे

दिलेल्या मुदतीत काम झाले नाही की ‘फोर्स मेज्युअर’ असे कळवून मोकळे होण्याची पद्धत बोकाळली आहे, आणि ती मला मनापासून खटकते. फ्रेंचमधून इंग्रजी करारांत आलेल्या या शब्दप्रयोगाचा अर्थ आहे वरचढ शक्ती, म्हणजे जिच्यापुढे माणसाचे काही चालत नाही अशी. केवळ अडचण आली एवढ्याने तो लागू होत नाही.

फ्रान्सच्या १८०४ सालच्या नागरी संहितेतच ही संकल्पना होती. २०१६ च्या सुधारणेनंतर संहितेच्या कलम १२१८ मध्ये तिच्या कसोट्या स्पष्ट लिहिल्या गेल्या: घटना शब्द देणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरची हवी, करार करताना तिची वाजवी कल्पना येणे अशक्य असायला हवे, योग्य उपाय योजूनही तिचे परिणाम टाळता येण्याजोगे नसावेत, आणि तिच्यामुळे कर्तव्य पार पाडणेच अडलेले असावे. यांपैकी तिसरी कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण संकट किती मोठे होते एवढ्यावर ती थांबत नाही, तर ते आल्यावर तुम्ही काय केलेत, हेही विचारते.

इंग्लंडच्या कायद्यात हे तत्त्व आपोआप लागू होत नाही. करारात तसे कलम असावे लागते आणि त्याची व्याप्ती त्यातील शब्दांवरून ठरते. करार पूर्ण करणे अशक्य झाल्यास तो संपुष्टात आणणारे वेगळे तत्त्व तिथे आहे, पण ते सहजासहजी लागू होत नाही. पूर्वी तर न्यायालये फारच कठोर होती: १६४७ च्या एका खटल्यात शत्रुसैन्याने जमिनीवरून हुसकावून लावलेल्या खंडकऱ्यालाही खंड चुकला नाही.

पुष्कळ लोक ‘फोर्स मेज्युअर’ला दैवी आपत्तीचेच दुसरे नाव समजतात, तेही बरोबर नाही. दैवी आपत्तीत निसर्गाचा कोप येतो, तर यात युद्ध आणि संपही येऊ शकतात. या संदर्भात जहाजबांधणीतील विलंबाचा १९१५ सालचा एक इंग्लिश खटला प्रत्येकाने वाचावा असे मला वाटते. कोळसा खाणींचा देशव्यापी संप आणि यंत्रांतील बिघाड यांमुळे झालेला उशीर न्यायाधीशांनी या कलमाखाली मान्य केला, मात्र खराब हवामान, फुटबॉलचे सामने आणि एक अंत्ययात्रा यांमुळे वाया गेलेला वेळ मान्य केला नाही. सीमारेषा इतकी नेमकी आखता येते, हे पाहून मला या शब्दप्रयोगाबद्दल आदरच वाटतो.

म्हणूनच माल महागला, नफा घटला किंवा नियोजन चुकले, अशा कारणांवर हे भारदस्त नाव चिकटवले जाते तेव्हा खरोखर नाइलाज झालेल्या माणसावर अन्याय होतो, कारण पुढे त्याच्या पत्राकडेही संशयानेच पाहिले जाते. शिवाय फ्रेंच संहितेप्रमाणे अडथळा तात्पुरता असेल, तर सर्वसाधारणपणे कर्तव्य तेवढ्यापुरतेच स्थगित राहते. अडथळा दूर झाल्यावर काम पूर्ण करावेच लागते. फक्त उशिरामुळे करार रद्द करणेच योग्य ठरत असेल, तर गोष्ट वेगळी.