गॉगवरचा 'स्कायरिम' आणि मॉडचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपली प्रतिक्रिया अभ्यासपूर्वक लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होण्यापेक्षा सविस्तर उत्तर देणे मला योग्य वाटते. मॉड, म्हणजे खेळाडूंनीच केलेले फेरबदल, वापरून खेळणाऱ्याने बेथेस्डा कंपनीच्या 'स्कायरिम' या संगणकीय गेमची गॉग या ऑनलाइन दुकानातील डीआरएममुक्त (म्हणजे विक्रेत्याचे डिजिटल कुलूप नसलेली) आवृत्ती घ्यावी, असे मी मूळ लेखात म्हटले होते. त्यावर आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : रीतसर पैसे मोजणाऱ्याला स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाच्या कुलपाचा त्रास होतच नाही, तेव्हा डीआरएममुक्ती हा निव्वळ तात्त्विक आग्रह ठरतो, स्टीमवर वर्कशॉप या मॉडच्या विभागामुळे एका क्लिकवर मॉड बसतात आणि ती सोय गॉगवर नाही, गॉगची एक्झी (गेम चालवणारी मुख्य फाइल) वेगळी असल्यामुळे एसकेएसई या मॉडना जादा क्षमता देणाऱ्या साधनावर अवलंबून असलेले अनेक मॉड तिथे चालत नाहीत आणि गॉगचा ग्राहक दुय्यम ठरतो, आणि गेम जिवंत ठेवला मॉड करणाऱ्यांनी, पैसे मात्र पुन्हा पुन्हा कंपनीने कमावले, अशा विक्रीची भलामण कशाला करायची?

वर्कशॉपचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण तो वस्तुस्थितीचा आहे. वर्कशॉप आहे ते नोव्हेंबर २०११मध्ये आलेल्या मूळ 'स्कायरिम'साठी; फेब्रुवारी २०१२मध्ये क्रिएशन किट या मॉड तयार करण्याच्या साधनाबरोबरच ते सुरू झाले. ऑक्टोबर २०१६मध्ये ६४-बिटची स्पेशल एडिशन आली, तिला वर्कशॉप कधीच मिळाले नाही. आज स्टीमवरून स्पेशल किंवा अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन घेणाराही सहसा नेक्सस या संकेतस्थळावरूनच मॉड उतरवतो आणि व्होर्टेक्स किंवा मॉड ऑर्गनायझर या साधनांमधून बसवतो; गॉगवाल्यालाही नेमके तेच करावे लागते. शिवाय वर्कशॉपवरील मॉडचे अपडेट आपोआप येते आणि अर्धा खेळ झालेला असताना मॉड बदलणे हे सेव्ह फाइल बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे, त्यामुळे त्या एका क्लिकच्या सोयीबद्दल मला फारशी हळहळ वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. मॉडच्या दृष्टीने डीआरएमचा प्रश्न एका गोष्टीपाशी येऊन थांबतो : आपल्या संगणकावरील गेमची एक्झी कधी बदलायची, हे कोण ठरवणार? रीतसर पैसे मोजणाऱ्याला त्रास नसतो हे आपले म्हणणे जो गेम आहे तसा खेळतो त्याच्याबाबत खरे आहे. मॉड वापरणाऱ्याबाबत ते खरे नाही, आणि याचा पहिला अनुभव २०११च्या नोव्हेंबरमध्येच आला. मूळ 'स्कायरिम' ३२-बिटचा होता आणि त्याची एक्झी दोन गिगाबाइटपेक्षा अधिक मेमरी वापरू शकत नव्हती. मोठ्या टेक्स्चरचे मॉड घातले की गेम कोसळत असे. खेळाडूंनी एक्झीच्या शीर्षभागातील एक खूण बदलून ही मर्यादा चार गिगाबाइटपर्यंत नेली. महिना संपण्याच्या आतच आलेल्या अपडेटने एक्झीवर स्टीमचे संरक्षण चढवले आणि अशी बदललेली एक्झी चालेनाशी झाली. पुढे डिसेंबरात १.३.१० या पॅचमध्ये बेथेस्डाने स्वतःच तीच खूण बदलून दिली. म्हणजे खेळाडूंची दुरुस्ती योग्य होती हे कंपनीच्या कृतीनेच सिद्ध झाले. मधल्या काळात मात्र पैसे मोजून घेतलेल्या गेममध्ये ती दुरुस्ती करण्यास मज्जाव होता.

एसकेएसईच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्रपणे येतो. हे साधन गेम सुरू करताना आपली डीएलएल (जोड-कोडची फाइल) त्याच्या प्रक्रियेत शिरवते आणि गेममधील ठरावीक फंक्शनांना ठरावीक पत्त्यांवर जाऊन गाठते. एक्झी नव्याने कंपाइल झाली, म्हणजे मूळ कोडपासून पुन्हा तयार केली गेली, की हे पत्ते सरकतात. म्हणून एसकेएसईची प्रत्येक आवृत्ती गेमच्या एका विशिष्ट आवृत्तीशी बांधलेली असते आणि क्रमांक जुळला नाही तर ती सरळ चालण्यास नकार देते. हा नकार योग्यच आहे, कारण चुकीच्या पत्त्यावर लिहिले गेले तर काय बिघडेल याचा नेम नसतो. २०१७मध्ये क्रिएशन क्लब हे गेममधील दुकान आल्यानंतर त्यात नवा विकाऊ माल भरण्यासाठी अपडेट येत राहिली, दर वेळी एक्झी बदलत राहिली, आणि दर वेळी ज्यांनी क्लबमधून काहीही घेतले नव्हते त्यांचेही मॉड बंद पडत राहिले. नोव्हेंबर २०१९मधील १.५.९७ नंतर दोन वर्षे शांतता लाभली आणि त्या काळात डीएलएलवर आधारित मॉडना खरा बहर आला. मग ११ नोव्हेंबर २०२१ रोजी अ‍ॅनिव्हर्सरी एडिशनबरोबर १.६ मालिका आली. या वेळी कंपायलरच नवा असल्यामुळे पत्ते तर सरकलेच, पण फंक्शनांची अंतर्गत रचनाही बदलली आणि अनेक मॉडच्या लेखकांना हाताने, एकेक ठिकाण शोधून, काम पुन्हा करावे लागले. ज्यांनी मॉड करणे सोडून दिले होते त्यांचे मॉड जुन्या आवृत्तीतच अडकून पडले. डिसेंबर २०२३मध्ये १.६.११३०ने हीच कसरत पुन्हा करायला लावली.

या सगळ्या काळात स्टीमवरचा खेळाडू काय करत होता? स्टीममध्ये अपडेट कायमचे नाकारण्याची सोय नाही. फार तर गेम सुरू करतानाच अपडेट व्हावे असे सांगता येते. म्हणून लोक स्टीमअ‍ॅप्स फोल्डरात जाऊन ४८९८३० क्रमांकाची, गेमच्या आवृत्तीची नोंद ठेवणारी मॅनिफेस्ट फाइल 'रीड-ओन्ली' करून ठेवतात, किंवा स्टीमच्या कन्सोलमध्ये आज्ञा देऊन जुन्या फाइली पुन्हा उतरवतात. हे मार्ग चालतात, हे मी नाकारत नाही. पण विकत घेतलेला गेम आहे तसा राहू द्यावा एवढ्यासाठी खेळाडूला चोरवाटा शोधाव्या लागतात, ही स्थिती मला मान्य नाही.

गॉगवर 'स्कायरिम' २९ सप्टेंबर २०२२ रोजी आला. तिथे गॅलक्सी हा क्लायंट वापरला तरी गेमच्या सेटिंगमध्ये स्वयंचलित अपडेट बंद करता येते आणि मागील आवृत्तीवर परतता येते. क्लायंट नको असेल तर संपूर्ण इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतो आणि तो चालवताना कोणत्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. संकेतस्थळावर साधारणपणे इन्स्टॉलरची ताजी आवृत्तीच ठेवलेली असते, त्यामुळे आपली मॉडयादी ज्या आवृत्तीवर जुळली आहे तिचा इन्स्टॉलर स्वतःच्या डिस्कवर राखून ठेवणे हे आपले काम आहे. मी तो एका वेगळ्या हार्ड डिस्कवर त्या यादीतील सगळ्या मॉडच्या मूळ झिप फाइलींसह ठेवतो, आणि फोल्डरच्या नावात गेमचा आवृत्ती क्रमांक लिहितो.

आपला तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे. गॉगची एक्झी स्टीमच्या एक्झीपेक्षा वेगळी आहे हे खरेच आहे. सुरुवातीला स्टीमवर १.६.६४० आणि गॉगवर १.६.६५९ होती, पुढे ती अनुक्रमे १.६.११७० आणि १.६.११७९ झाली. दोन स्वतंत्र बांधण्या असल्यामुळे पत्तेही वेगळे, आणि म्हणून एसकेएसईच्या पानावर गॉगसाठी वेगळी फाइल असते. ती घाईत न पाहता स्टीमची फाइल उतरवणे हे 'गॉगवर एसकेएसई चालत नाही' या समजामागचे एक मोठे कारण आहे. पण एसकेएसईच्या लेखकांनी गॉगसाठी आवृत्ती काढली, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणी-सेवेवरील 'स्कायरिम'साठी ती नाही आणि एपिक या दुकानातील प्रतीसाठीही नाही. तेव्हा गॉगचा ग्राहक दुय्यम ठरतो, हे आपले विधान मला पटत नाही. एसकेएसई हाच निकष लावायचा तर स्टीमच्या बरोबरीने बसणारा तो एकमेव आहे.

डीएलएल असलेल्या मॉडचे म्हणाल, तर त्यांतील बहुतेक चांगले मॉड आता अ‍ॅड्रेस लायब्ररीचा आधार घेतात. या लायब्ररीत गेमच्या प्रत्येक आवृत्तीसाठी एक फाइल असते आणि तीत प्रत्येक फंक्शनला १.५ किंवा १.६ या मालिकेपुरता दिलेला कायमचा क्रमांक व त्या आवृत्तीतील त्याचा पत्ता यांची जोडी असते. मॉडचा लेखक पत्ता न लिहिता क्रमांक लिहितो. पत्ता खेळाडूच्या संगणकावरील फाइलमधून शोधला जातो. १.६.६५९ची फाइलही त्यात आहे, म्हणून असे मॉड गॉगसाठी वेगळे कंपाइल करावे लागत नाहीत. ज्यांनी पत्ते थेट कोडमध्ये कोरले आहेत असे काही मॉड उरतात आणि ते गॉगवर चालत नाहीत. पण असे मॉड स्टीमवरही पुढच्या अपडेटपर्यंतच चालतात. आणि टेक्स्चर, मॉडेल, नव्या मोहिमा, नवे प्रदेश, नवी पात्रे हा जो मॉडचा मोठा भाग आहे त्याचा एसकेएसईशी काहीच संबंध नसतो. 'डेटा' फोल्डरात तो दोन्हीकडे सारखाच बसतो. स्काययूआय या मेन्यू सुधारणाऱ्या मॉडला एसकेएसई लागते खरी, पण त्याची स्वतःची डीएलएल नसल्यामुळे तोही अडत नाही.

गॉगवाल्याला सुरुवातीला खरा त्रास झाला तो दुसऱ्याच एका बारीक कारणाने. या आवृत्तीच्या सेव्ह आणि आयएनआय (सेटिंगच्या) फाइली 'माय गेम्स'मधील 'स्कायरिम स्पेशल एडिशन गॉग' या फोल्डरात जातात, आणि मॉडचा क्रम ठरवणारी यादीही अ‍ॅपडेटामध्ये याच नावाच्या फोल्डरात असते. मॉडची जुनी साधने शेवटचा शब्द नसलेले जुने फोल्डर पाहत. यादी तिथे लिहिली जाई आणि गेम ती वाचतच नसे. मॉड बसवले तरी गेममध्ये काहीच दिसत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या अनेकांची अडचण एवढीच होती. आता प्रमुख साधनांना हा फरक समजतो, मात्र स्टीमवरून गॉगवर येणाऱ्याने आपल्या सेव्ह फाइली स्वतः उचलून नव्या फोल्डरात ठेवाव्या लागतात.

गॉगच्या आवृत्तीवर टीका करायचीच असेल तर ती मी वेगळ्या ठिकाणी करेन. मॉड तयार करण्याचे अधिकृत साधन, म्हणजे क्रिएशन किट, २०२२पासून स्टीमवरून दिले जाते. ज्याने डीआरएममुक्त प्रत घेतली त्याला मॉड वापरता येतात, पण अधिकृत साधनाने ते करायचे असतील तर स्टीमच्या दारात जावेच लागते. २००२मध्ये याच कंपनीने 'मोरोविंड'च्या पीसी आवृत्तीबरोबर, त्याच खोक्यात, कन्स्ट्रक्शन सेट हे मॉड तयार करण्याचे साधन दिले होते, आणि तो गेम आजही ज्या जोमाने वाढतो आहे त्याचे मोठे श्रेय त्या एका निर्णयाला आहे. 'स्कायरिम'साठी एक्सएडिट हे खेळाडूंनी घडवलेले मुक्त साधन आहे आणि नोंदी सुधारण्याचे काम त्यात उत्तम होते, पण नवी गुहा रचणे किंवा पात्रांना हालचाली देणे यासाठी किटच हवा. मॉडला पाठिंबा आहे असे म्हणायचे आणि साधन दुसऱ्याच दुकानात ठेवायचे, हे अर्धवट काम आहे, आणि ते पूर्ण करण्याची जबाबदारी बेथेस्डाची आहे.

राहिला पैशाचा मुद्दा. मॉड करणाऱ्यांच्या श्रमावर गेमचे आयुष्य वाढले, याबद्दल आपल्यात दुमत नाही. एप्रिल २०१५मध्ये स्टीमवर मॉड विकण्याचा प्रयोग झाला तेव्हा लेखकाच्या वाट्याला विक्रीचा फक्त चौथा हिस्सा ठेवला होता, आणि चारच दिवसांत तो गुंडाळावा लागला. त्या वेळी झालेला संताप मला आजही रास्त वाटतो. परंतु त्यावरून डीआरएममुक्त प्रत घेऊ नये हा निष्कर्ष निघत नाही. मॉड करणाऱ्याला सर्वाधिक गरज असते ती पायाखालची जमीन स्थिर असण्याची. बेथेस्डाच्याच 'फॉलआउट ४' या गेमचे उदाहरण बोलके आहे. एप्रिल २०२४च्या अपडेटमुळे 'फॉलआउट : लंडन' या प्रचंड मॉडचे प्रकाशन ऐन वेळी पुढे ढकलावे लागले, वर्षानुवर्षांचे काम तयार होते आणि ज्यावर ते उभे होते ती आवृत्तीच बदलणार होती. अखेर जुलैमध्ये ते मोफत प्रसिद्ध झाले ते गॉगवरून, आणि तेही गेमच्या अपडेटपूर्वीच्या आवृत्तीवर चालणारे. मॉड करणाऱ्यांविषयी आपल्याला जी आस्था आहे तीच मलाही आहे, आणि त्यांचे काम दहा वर्षांनंतरही चालावे असे वाटत असेल तर ज्या प्रतीवर ते चालते ती प्रत खेळाडूंच्या हाती असलीच पाहिजे.

आपले दोन मॉड गॉगवर चालले नाहीत असे आपण लिहिले आहे, त्यांची नावे मात्र दिलेली नाहीत. मघाशी सांगितलेल्या 'स्कायरिम स्पेशल एडिशन गॉग' फोल्डरात एसकेएसई नावाचे उपफोल्डर आहे आणि त्यात एसकेएसई६४ची लॉग फाइल असते. तीत प्रत्येक डीएलएलच्या नावापुढे ती स्वीकारली की आवृत्ती न जुळल्याने नाकारली, हे लिहिलेले असते. त्या दोन ओळी आपण कळवल्या तर अडचण अ‍ॅड्रेस लायब्ररीच्या चुकीच्या फाइलची आहे की मॉडच जुना आहे हे लगेच सांगता येईल, आणि मॉडच जुना असेल तर त्याला पर्याय कोणता, तेही मी पाहून कळवीन.