एसडब्ल्यूआर एकास एक? तो तर डमी लोडचाही असतो

भाच्याला हॅम रेडिओचं (हौशी रेडिओ संदेशवहनाचं) लायसन्स मिळून आठवडा झाला नाही, तोच रात्री साडेअकराला मेसेज: "मामा, हीच अँटेना लावू ना?" खाली ती लांबलचक पोस्ट, गेले दोन महिने ग्रुपाग्रुपांत फिरणारी. म्हणणं असं: एंड-फेडची (जिला टोकाशी केबल जोडतात त्या अँटेनाची) एकच तार सगळ्या बँडवर, म्हणजे लहरींच्या सगळ्या पट्ट्यांवर चालते, अर्थ (जमिनीशी जोडणी) लागत नाही, ट्यूनर (रेडिओ आणि अँटेना जुळवणारी पेटी) लागत नाही, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) सगळीकडे एकास एक, म्हणजे शंभर टक्के पॉवर हवेत. डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तार) आणि जी५आरव्ही (तसलीच एक जुनी अँटेना) भंगारात द्या. शेवटची ओळ: "दुसरं टोक गच्चीच्या कठड्याला बांधा, कमी पॉवरला काही होत नाही."

ही शेवटची ओळ लिहिणाऱ्याला गच्चीवर उभं करून विचारावंसं वाटतं, बाबा रे, गणित केलंस का? अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकाशी अडीच हजार ओहमच्या आसपास इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) असतो, आणि रेडिओला हवा असतो ५०. म्हणून तर ४९ला १ चा ट्रान्सफॉर्मर लावतात (५० गुणिले ४९, २४५०). शंभर वॉट सोडले की तिथे जवळजवळ ४९५ व्होल्ट येतात. पन्नास वॉटला ३५०. घरातल्या प्लगमध्ये २३० असतात. आणि हे फक्त ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला नाही, कठड्याला बांधलेल्या त्या दुसऱ्या टोकालाही. तिथे कुणी कुरडया वाळत घालायला आलं तर? आरएफचा (रेडिओच्या करंटचा) चटका बोटावर बारीक दिसतो, पण आत खोल जातो. टोकाला इन्सुलेटर, पुढे मीटरभर नायलॉनची दोरी, आणि तार हात पोचणार नाही इतकी वर. विजेच्या खांबांवरच्या तारांवरून ती नेण्याचा तर विचारही नको.

आता "अर्थ लागत नाही". यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. टोकाशी व्होल्टेज जास्त म्हणून करंट कमी, शंभर वॉटला जेमतेम ०.२ अँपिअर. त्यामुळे डायपोलसारखी दुसरी पूर्ण बाजू लागत नाही. पण तेवढ्या करंटला परतीची वाट हवीच. तुम्ही दिली नाहीत तर तो कोअॅक्सची (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलची) जाळी धरून थेट तुमच्या टेबलावर येतो. माझ्याकडे तो आलाय. दहा मीटरच्या बँडवर बोलायला लागलो की दाराची बेल वाजायची, आणि बायको दार उघडून परत यायची. चाळीस मीटर बँडच्या तारेला ट्रान्सफॉर्मरपाशी दोनेक मीटरचा काउंटरपॉइज (परतीच्या करंटसाठीची तार) जोडला, कोअॅक्सवर फेराइटचा चोक (जाळीवरचा करंट अडवणारा) घातला, बेल गप्प झाली. आणि हे वाक्य वाचून कुणी आभाळातल्या विजेपासून संरक्षणासाठीचं अर्थिंगही काढून टाकलं तर? तो अर्थ वेगळा, हा वेगळा. वळवाचं आभाळ भरून आलं की केबल रेडिओतून काढून बाहेर ठेवायची, हे तर शिकवायचीही गरज नसावी.

"एसडब्ल्यूआर एकास एक, म्हणून शंभर टक्के पॉवर हवेत." मग डमी लोड (सगळी पॉवर नुसती उष्णतेत घालवणारा रेझिस्टर) लावा की! त्याचा एसडब्ल्यूआर सगळ्या बँडवर एकास एक, आणि दुसऱ्या गल्लीपर्यंतही ऐकू जात नाही. वॉल्टर मॅक्सवेल, कॉलसाइन डब्ल्यू२डीयू, हे आरसीए या अमेरिकन कंपनीतले अँटेना इंजिनिअर. टायरॉस हवामान उपग्रहाच्या अँटेनावर काम केलेले. त्यांनी १९७३ पासून 'क्यूएसटी' या हॅम मासिकात लेखमाला लिहून हेच समजावलं: परत आलेली पॉवर आपोआप वाया जात नाही. वाया जाते ती केबलच्या क्षीणनात (केबलमध्येच उष्णता होऊन), आणि केबल चांगली असेल तर कमी एसडब्ल्यूआरच्या मागे धावून पदरात फारसं काही पडत नाही. पन्नास वर्षं झाली, पोस्टवाल्यापर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही.

उलट वाईट केबल आकडा सुंदर करून दाखवते. तीस मीटर आरजी-५८ (पातळ कोअॅक्स) दहा मीटरच्या बँडवर अडीच डेसिबलच्या आसपास खाते. वर अँटेनाशी एसडब्ल्यूआर ३ असेल, तर खाली मीटरवर १.८ दिसतो. आपण खूश, आणि शंभरातले चाळीसहून जास्त वॉट केबल तापवण्यात गेलेले. ट्रान्सफॉर्मरच्या लहान कोरचंही तेच. एफटी८ (संगणकावरून संदेश पाठवायची पद्धत) वर दहा मिनिटं चालवून हात लावून बघा (रेडिओ बंद करून, अर्थातच).

"सगळ्या बँडवर" म्हणजे कुठल्या? वीस मीटर लांबीची तार ४०, २०, १५, १० मीटरच्या बँडवर जुळते. ३०, १७, १२ वर ट्यूनर जोडावाच लागतो. शिवाय दहा मीटरच्या बँडवर ती दोन तरंगलांबींची होते, लहरींच्या पाकळ्या चार दिशांना फुटतात आणि तारेच्या काटकोनात, जिकडे आपण आशेने बघतो, तिकडे खड्डा पडतो.

जी५आरव्हीबद्दल एवढंच: लुई व्हार्नी यांनी १९४६ मध्ये ती १४ मेगाहर्ट्झवर तीन अर्ध्या तरंगलांबींची म्हणून आखली. इतर बँडवर ट्यूनर लागतो, हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

भाच्याची गच्ची बावीस मीटर लांब आहे, दोन्हीकडे खांब आहेत. त्याला कळवलंय: एकाच केबलवर दोन डायपोल, एक २० मीटर लांबीचा, एक १० मीटर लांबीचा. ४० आणि २० मीटरचे बँड मिळाले, लांब डायपोलवर रेडिओमधल्या ट्यूनरने १५ पण निघेल. मध्ये चोक, ट्रान्सफॉर्मर नाही. दोरी त्याने आणायची, सोल्डरिंग मी करतो. रविवारी ऊन चढायच्या आत.