झाडं तोडून शाळेसमोरची कोंडी सुटत नाही

“शाळेसमोरची जुनी झाडं हटवा, गेट दुप्पट करा, कोंडी संपेल. झाडं उचलून दुसरीकडे लावता येतात,” असा मेसेज कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातला एकेक दावा तपासू.

“गेट अरुंद आहे.” शाळा सुटताना बहुतेक वाहनं गेटमधून जातच नाहीत, बाहेर थांबतात. एक रिक्षा पोरांची वाट बघत अडीच मिनिटं उभी राहिली, तर त्या जागेवरून 20 मिनिटांत 8 रिक्षा सुटतात. पोरं आधीच रांगेत असली आणि रिक्षामामा 40 सेकंदांत निघाले, तर 30. रुंद गेटनं यात काहीच बदलत नाही, उलट त्या तोंडाशी दुचाकी आडव्या लागतात. चालत जाणाऱ्यांना वेगळं दार द्या, प्राथमिक आणि माध्यमिक 15 मिनिटांच्या अंतरानं सोडा. वाहनांचं फाटक दोन झाडांमधून, रस्त्यापासून 6 मीटर आत घ्या, म्हणजे ते उघडेपर्यंत व्हॅन रस्ता अडवणार नाही.

“झाडांमुळे दिसत नाही.” खोडापेक्षा कंपाउंडची भिंत, फलक आणि कोपऱ्यावरच्या गाड्या जास्त झाकतात. गेटलगतची भिंत 60 सेंटीमीटरवर आणून वर जाळी लावा.

“झाड उचलून लावू.” 240 सेंटीमीटर घेराचं झाड धरा. खोडाचा व्यास साधारण 76 सेंटीमीटर. मुळं नीट राखायची तर मातीचा गोळा व्यासाच्या दहापट, साडेसात मीटर रुंद लागतो. एक मीटर खोलीचा तो गोळा 70 टनांच्या आसपास भरतो. एवढं उचलणं परवडत नाही, म्हणून दोन मीटरचा गोळा काढतात, फांद्या छाटतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळतं.

झाड जागेवर ठेवूनही मारता येतं, आणि बहुतेकदा तसंच होतं. भिंतीच्या पायासाठी जेसीबी सलग चर मारतो, मुळं तुटतात, पावसाळ्यात माती भिजली की आधार सुटतो. मग सगळे म्हणतात, झाडच धोकादायक होतं! खोडाच्या व्यासाच्या बारापट, म्हणजे इथे नऊ मीटर त्रिज्येत चर नको. हातानं खड्डे काढून सुटे खांब उभे करा, मुळांवरून बीम न्या. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवा, पेव्हर वाळूवर बसवा, खाली काँक्रीट ओतू नका.

“एकाला दहा रोपं लावू.” 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार झाडाचं वय जितकं, तितकी झाडं लावायची आहेत. 60 वर्षांच्या एका झाडापोटी 60, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं जगवायची. पन्नाशी ओलांडलेलं झाड तर हेरिटेज ठरतं.